परीचे पंख काल्पनिक असू देत, पान खरं हवं

फोंड्याच्या बाजूला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची सात वर्षांची मुलगी सारखी पऱ्या, उंदीर, ससे आणि बेडूक यांच्याच चित्रपुस्तकांत रमलेली असते. घरातली वडील माणसं म्हणतात, दुसरीत गेली, आता काहीतरी खरं वाचायला द्या. ताईंचे प्रश्न तीन आहेत: या पुस्तकांत एवढं काय असतं, त्यांतलं चांगलं कसं ओळखायचं, आणि आपल्या गोव्याचं असं काही मुलीच्या हाती देता येईल का.

ताई, मी बरीच वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत मुलांबरोबर चित्रं वाचायला जाते. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: ही पुस्तकं मुलांना धरून ठेवतात, कारण त्यांच्या चांगल्या चित्रकारांनी निसर्ग फार जवळून पाहिलेला असतो. परी मनातली असते, पण ती ज्या पानावर बसलेली असते त्या पानाच्या शिरा खऱ्या असतात. त्या शिरांवर विश्वास बसला की परीवरही बसतो. म्हणून घरातल्या मोठ्यांना सांगा, मुलगी खरंच वाचते आहे, फक्त ते खरं चित्रात आहे.

हे मी कशावरून म्हणते ते सांगते. फुलांच्या पऱ्यांची जी छोटी इंग्रजी पुस्तकं आजही जगभर विकली जातात, ती सिसिली मेरी बार्कर या चित्रकर्तीची. जन्म १८९५, लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये. लहानपणापासून तिला फेफऱ्याचा त्रास होता, त्यामुळे शिक्षण घरीच झालं आणि चित्रकला ती बरीचशी टपालाने येणाऱ्या धड्यांवर शिकली. वसंतातल्या फुलांच्या पऱ्यांचं तिचं पहिलं पुस्तक १९२३ साली आलं. चोवीस चित्रं आणि त्यांच्यासोबतच्या कविता, या सगळ्याचे तिला २५ पौंड मिळाले. तिच्या बहिणीची घरातच बालवाडी होती. तिथल्या मुलांना ती समोर उभी करायची, अंगावर स्वतः शिवलेले कपडे चढवायची, काटक्या आणि झिरझिरीत कापडाचे पंख बांधायची आणि ज्या फुलाची परी काढायची ते खरं फूल मुलाच्या हातात द्यायची. फूल हातात कसं पेललं जातं, देठ कुठे वाकतो, पाकळी बोटाला कशी टेकते, हे ती पाहून काढायची. एखादी वनस्पती सापडली नाही तर लंडनमधल्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानातल्या लोकांची मदत घ्यायची. म्हणून तिच्या चित्रांत फक्त एकच गोष्ट बदललेली आहे, ती म्हणजे माप. फूल मुलाएवढं झालंय किंवा मूल फुलाएवढं. बाकी सगळं जसंच्या तसं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही, ही या प्रकारच्या चित्रांची सगळ्यात मोठी किल्ली आहे असं मला वाटतं. बेडकाला कोट घातलात तर त्याचे पाय बेडकाचेच राहू द्या. उंदरीण स्वयंपाक करते आहे ना, मग तिची शेपूट चुलीपाशी नेमकी कुठे जाईल याचा विचार करा. मुलं हे लगेच पकडतात. मोठ्यांना वाटतं मुलांना काहीही चालतं, पण सात वर्षांच्या मुलाइतका कडक परीक्षक मी दुसरा पाहिलेला नाही. पेडण्याकडच्या एका वर्गात मी एका चित्रातल्या खारीबद्दल बोलत होते, तर मागच्या बाकावरून आवाज आला की हिच्या पाठीवर पट्टे नाहीत, म्हणजे ही आमच्याकडची नव्हे. त्यावर वर्गात जी चर्चा झाली, ती ऐकताना विज्ञानाच्या बाईसुद्धा खूश झाल्या असत्या.

बीट्रिक्स पॉटरचं नाव तुम्ही ऐकलं असेल, निळा कोट घातलेल्या सशाची गोष्ट तिची. ती गोष्ट पुस्तक म्हणून सुरूच झाली नव्हती. तिच्या जुन्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा आजारी होता, त्याचं मन रमावं म्हणून तिने ४ सप्टेंबर १८९३ रोजी त्याला चित्रं काढून पत्र लिहिलं. प्रकाशकांनी नाकारल्यावर १९०१च्या डिसेंबरात तिने स्वतःच्या खर्चाने २५० प्रती छापल्या, आणि पुढच्या वर्षी ती रंगीत होऊन बाजारात आली. पण मला या बाईंबद्दल सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्याआधीची वर्षं. घरात ससे, उंदीर, साळिंदरासारखा काट्यांचा छोटा प्राणी, वटवाघूळ असं सगळं पाळून ती त्यांची रेखाटनं करत होती. अळंब्यांचा तर तिने असा अभ्यास केला की १८९७ साली त्यांच्या बीजाणूंवरचा तिचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेपुढे मांडला गेला. बायकांना तिथे बसायची परवानगी नव्हती, त्यामुळे ती स्वतः हजर राहू शकली नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून अळंबीचे बीजाणू पाहणारी बाई आणि सशाला कोट घालणारी बाई एकच आहे. माझ्या मते पहिलीमुळेच दुसरी शक्य झाली.

त्या गोष्टीत एक जागा आहे, ती मुलीला दाखवा. ससा बागेतून जीव घेऊन पळतो तेव्हा त्याचे बूट हरवतात, आणि मग तो चार पायांवर जास्त वेगाने धावतो. थोड्या वेळाने कोटही जाळीत अडकून सुटतो. कपडे गेले की तो पुन्हा पुरता ससा होतो. प्राणी आणि माणूस यांच्यामधली ही ये-जा मुलांना अतिशय कळते, कारण दिवसभर तीच त्यांच्याही अंगात चालू असते. शाळेत गणवेश, रांग आणि बाईंना नमस्कार. घरी आल्यावर अंगणात चार पायांवर.

आता दुसरा प्रश्न, चांगलं पुस्तक ओळखायचं कसं. दुकानात उभं राहून मी जे पाहते ते सांगते.

आधी पाय पाहा. चित्रकाराला प्राणी येतो की नाही हे तोंडावरून कळत नाही, पायांवरून कळतं. बेडकाच्या पुढच्या पायाला चार बोटं असतात आणि मागच्याला पाच. सशाचे मागचे पाय दुमडून बसतात तेव्हा मांडी कुठे आणि टाच कुठे हे दिसायला हवं. अनेक स्वस्त पुस्तकांत सगळ्या प्राण्यांना एकच शरीर असतं, वर फक्त डोकी बदललेली. अस्वल, कोल्हा, ससा, सगळे गुबगुबीत बाहुले, आणि सगळ्यांचे डोळे माणसांच्या बाळांसारखे मोठे. अशा पुस्तकाने नुकसान काही होत नाही, पण मूल ते एकदा पाहून ठेवून देतं, कारण दुसऱ्यांदा पाहण्यासारखं त्यात काही उरलेलं नसतं.

मग पंख. परीचे पंख कोणाकडून उसने घेतले आहेत? फुलपाखराचे असतील तर ती बसल्यावर बहुधा ते पाठीवर उभे मिटतील. चतुराचे असतील तर ते आडवे उघडेच राहतील. ते खांद्यांच्या पात्यांपाशी जोडलेले दिसायला हवेत, कपड्यावर चिकटवल्यासारखे दिसता कामा नयेत. ज्याने या गोष्टीचा विचार केलाय त्याने बाकीच्याही गोष्टींचा केलेला असतो, हा माझा अनुभव आहे.

मग कोपरे. चांगल्या चित्रपुस्तकात मुख्य गोष्ट मध्यभागी चालते आणि कोपऱ्यात दुसरीच एखादी छोटी गोष्ट चालू असते, जिच्याबद्दल मजकुरात अक्षरही नसतं. एखादी गोगलगाय पहिल्या पानावर भिंतीच्या तळाशी असते आणि शेवटच्या पानावर वर पोचलेली असते. वाचून दाखवणाऱ्या आईला ती दिसत नाही, ऐकणाऱ्या मुलीला दिसते. घरात पहिल्यांदाच आईपेक्षा मुलीला जास्त माहीत असतं, आणि ही सत्ता मुलांना फार प्रिय असते. तुमची मुलगी तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागत असेल तर त्यामागे बहुधा अशी एखादी गोगलगाय आहे. तिलाच दाखवायला सांगा.

आणि भीती पाहा. ज्या पुस्तकात काहीच धोका नाही ते मला अर्धवट वाटतं. त्या सशाच्या गोष्टीत पहिल्याच पानांत आई सांगते की तुमच्या बाबांचं त्या बागेत काय झालं, त्यांची पाई करून खाल्ली. इतकं सरळ. आपल्या गोष्टीही काही वेगळ्या नाहीत. भोपळ्यात बसलेल्या म्हातारीला वाटेत कोल्हा आणि वाघ भेटतातच, आणि शेणाचं घर वाहून गेलेला काऊ चिऊच्या दाराशी भिजत उभा राहतोच. छोट्या जिवाला मोठ्या जगात धोका असतो हे मुलांना माहीत असतं. चित्रपुस्तक त्यांना तो धोका बोटाने झाकता येईल एवढ्या आकारात दाखवतं. मी वर्गात पाहते, वाघाच्या पानावर मुलं खरोखर हात ठेवतात आणि मग बोटांच्या फटीतून बघतात. रात्री झोपताना एखादं पान नको वाटलं तर तिला ते पान उलटू द्या. जबरदस्तीने धीट करायला जाऊ नका.

कागद आणि छपाईबद्दल थोडंच. नाजूक रंगांची चित्रं मुद्रणात सहज मरतात. शंभरेक वर्षांपूर्वी आर्थर रॅकम या इंग्रज चित्रकारासारख्यांची चित्रं तीन रंगांच्या छपाईने वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून पुस्तकात एकेक चिकटवली जायची, कारण साध्या कागदावर ती टिकत नसत. आज चतुरंगी छपाई सगळीकडे आहे, तरी नकली प्रतींत हिरवा रंग पिवळट आणि सावल्या काळ्याभोर होतात. पान खिडकीच्या उजेडात धरा. सावलीच्या भागात अजून काही दिसतंय का ते पाहा. दिसत नसेल तर तीच गोष्ट दुसऱ्या आवृत्तीत शोधा. आकाराचंही पाहा. पॉटरने आपली पुस्तकं मुद्दाम लहान मुलांच्या हातात मावतील एवढी ठेवायला लावली होती. पाच इंचांच्या पुस्तकात नाक खुपसून एकट्याने बघायचं सुख मोठ्या चकचकीत पुस्तकात नसतं.

घरातल्या मोठ्यांना आणखी एक काळजी असते, की मूल हे सगळं खरं मानेल. यावर मला नेहमी कॉटिंग्ली गावची हकिगत आठवते. १९१७ साली इंग्लंडमधल्या त्या गावात सोळा वर्षांची एल्सी आणि तिची नऊ वर्षांची मावसबहीण फ्रान्सिस यांनी ओढ्याकाठी पऱ्यांबरोबर आपले फोटो काढले. शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉयल यांनी १९२० साली ते फोटो मासिकात छापून जगाला सांगितलं की पऱ्या खरंच आहेत. अखेर १९८३ साली, म्हाताऱ्या झालेल्या त्या दोघींनी कबूल केलं की एका चित्रपुस्तकातल्या पऱ्या बघून काढलेली कागदाची कात्रणं टाचण्यांनी उभी केली होती. यात फसलं कोण? शिकलेली, प्रौढ माणसं. मुलींना पहिल्यापासून माहीत होतं की कागद कुठे संपतो आणि ओढा कुठे सुरू होतो. मुलं एकाच वेळी 'आहे' आणि 'नाही' दोन्ही हातांत धरू शकतात. तुमच्या मुलीला विचारून बघा की परी खरी असते का. ती काय म्हणेल मला सांगता येणार नाही, पण उत्तर देताना ती तुमचा चेहरा वाचेल, आणि तुम्हाला जे आवडेल ते सांभाळून सांगेल.

आता गोव्याकडे येते, कारण माझा जीव या प्रश्नात जास्त अडकलेला आहे.

आपल्या मुलांना मिळणाऱ्या पऱ्या प्रिमरोजवर आणि ब्लूबेलवर बसतात. चित्र सुंदर असतं, पण पुस्तक मिटून बाहेर गेल्यावर ते फूल कुठेच भेटत नाही. इंग्लंडातल्या मुलाला मात्र ते फूल कुंपणापाशी सापडतं आणि पुस्तक बाहेर चालू राहतं. आपल्या मुलांचा हा दुसरा अर्धा भाग हुकतो. हीच अडचण ऑस्ट्रेलियात आली होती आणि तिथल्या दोन चित्रकर्तींनी ती सोडवली. आयडा रेंटूल आउथवेट हिने १९१६ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात आणि नंतरही पऱ्यांना थेट कोआला आणि कूकाबरा पक्षी यांच्या सोबत आणून बसवलं. मे गिब्जने १९१८ साली निलगिरीच्या फळांतून दोन बाळंच जन्माला घातली, फळाचं टोपण ही त्यांची टोपी. आणि तिचे खलनायक तर बँक्सिया नावाच्या झाडाची खरखरीत, अनेक तोंडांची वाळकी बोंडं. एकदा ती बोंडं प्रत्यक्ष पाहिली की कळतं, तिने जोडलं फारच थोडं. झाडाकडे नीट पाहिलं आणि जे दिसलं ते काढलं.

आपल्याकडे काय कमी आहे? अबोलीच घ्या. आपण तिला वळेसरात गुंफतो म्हणून फूल ओळखतो, पण तिची बी किती जणांनी पाहिली आहे? फूल झडल्यावर राहिलेली वाळकी बोंडं पाणी लागताच फुटतात आणि बिया उडवतात. म्हणजे पहिल्या पावसात अबोलीची परी फटाके उडवते. सुरंगी फांदीलाच लगडून येते, फेब्रुवारी-मार्चात, आणि कळ्या उमलण्याआधी पहाटे उठून काढाव्या लागतात. तिची परी अंधारातच जागी होणारी, आणि रागावलेली, कारण कोणीतरी रोज तिच्या आधी उठतं. ओवळांची, म्हणजे बकुळीची, फुलं एवढीशी, चांदणीसारखी, सुकली तरी त्यांचा वास जात नाही. ती परी म्हातारी झाली तरी घरात आल्याचं कळतं. तेरड्याची शेंग बोट लावताच फुटते, त्यामुळे त्याच्या परीला कोणी हात लावलेला खपत नाही. बघा, मी काही रचत नाही. झाड जे करतं ते सांगते आहे, आणि स्वभाव त्यातून आपोआप येतो. बार्करनेही हेच केलं.

चवथीची माटोळी तर मला अशा पुस्तकाची तयार अनुक्रमणिकाच वाटते. सुपारीचे घोस, तोरंजन, कवंडळ, कांगलां, हरणांची पिवळी फुलं, सगळं रान गणपतीच्या डोक्यावर टांगलेलं असतं. घरोघरी आजोबांना नाहीतर काकांना त्यांतल्या प्रत्येकाचं नाव आणि जागा माहीत असते. या वर्षी माटोळी बांधली की मुलीला खाली उताणी झोपवा आणि विचारा, यात कोण कोण राहत असेल. नावं मोठ्यांकडून विचारून घ्या. त्या निमित्ताने 'खरं काहीतरी शिकव' म्हणणारी माणसंच तिचे गुरू होतील.

प्राण्यांसाठी चोडणला जा. रायबंदरची फेरी पकडून पलीकडे गेलात की सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, खारफुटीत. चिखलावर उड्या मारणारे मासे तिथे दिसतात, डोळे डोक्यावर आणि पंखांचे हात करून चालणारे. मुलीला विचारा, याला कोणता कोट शोभेल. चोडणच्या खाजन शेतांच्या, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतांच्या, बांधांवर आणि मानशीच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांच्या, आसपास पाणमांजरं वावरतात. पूर्ण कुटुंबं असतात ती, आई-बाप-पिल्लं एकत्र. चपटी शेपूट, पडद्याचे पाय, बारीक कान. मानशीची दारं उघडली की कोणते मासे कुठे येतात हे त्यांना माहीत असतं. एखाद्या चित्रकाराने नुसतं बांधावर बसून त्यांचा दिवस पाहिला तर एक अख्खं पुस्तक तयार आहे. ते अजून माझ्या पाहण्यात आलेलं नाही, आणि यावे म्हणून मी तरुण चित्रकारांच्या मागे लागलेली असते. मोले-बोंडलाकडे शेकरू आहे, धनेश आहे. पावसाच्या तोंडावर काजवे आहेत.

रानाचं म्हणाल तर सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची राय एकदा तिला दाखवून आणा. देवराई आहे, तेव्हा पान-फूल न तोडता आणि आवाज न करता. ओढ्याच्या दलदलीत रानजायफळीच्या जातीची झाडं आहेत. श्वास घेता यावा म्हणून त्यांची मुळं चिखलातून वर येऊन कमान करून पुन्हा खाली जातात. रॅकमने मुळांना बोटं आणि खोडांना तोंडं देऊन जी झाडं काढली, ती ज्याला खोटी वाटतात त्याने ही मुळं बघावीत. मी तिथे वही घेऊन बसले तेव्हा मला कल्पनेने काही जोडायची गरज पडली नव्हती.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. आपल्या गावांत अदृश्य माणसांची कमी नाही. रात्री काठी आणि दिवटी घेऊन वेशीवर फिरणारा देवचार आहे, राखणदार आहे. पौषात मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या अंगणात, बायकांची धालोची गाणी आणि नाच रंगतात तेव्हा बायकांच्या अंगात रंभा येते. कोकणभर पाणवठ्यांवर साती आसरा आहेत. चित्रकाराला मोह होतो की यांनाच पंख लावून पुस्तकात घ्यावं. मी तसं करत नाही. ही लोकांची श्रद्धास्थानं आहेत, त्यांच्यापुढे नारळ ठेवला जातो. त्यांची बाहुली केली की गावातल्या आजीला ते लागतं आणि ते बरोबरच आहे. त्यांच्या गोष्टी मुलीला जरूर ऐकवा, पण ज्यांच्या घरच्या आहेत त्यांच्या तोंडून, आणि त्या सांगतील त्या रीतीने. फुलाची परी आपण रचू शकतो, देवचार आपण रचलेला नाही. एवढा फरक सांभाळला तर दोन्हींसाठी जागा आहे.

गोव्याची चित्रपद्धत म्हणून कावीचा विचार करायलाही मी सांगेन. जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर चुन्याच्या पांढऱ्या थरावर लाल मातीचा थर देऊन तो टोकदार हत्याराने खरवडतात, आणि खालचा पांढरा वेल, पक्षी, फूल बनून वर येतो. घरी करायचं असेल तर जाड पांढऱ्या कागदावर मेणाचा पांढरा खडू घट्ट घासा, त्यावर गेरूचा जाडसर थर द्या, वाळला की बोथट काडीने कोरू द्या. दोनच रंगांत पक्षी काढताना मुलीला पिसांची रचना आपोआप बघावी लागते. रंगांच्या बारा पेन्सिली दिल्यावर जे होत नाही ते इथे होतं.

वाचून कसं दाखवायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं, म्हणून सांगते. आपल्या बहुतेक घरांत बोलणं कोंकणीत, शाळेचं पुस्तक मराठीत आणि दुकानातलं चित्रपुस्तक इंग्रजीत असतं. या तिन्हींची सरमिसळ झाली तर बिघडेल अशी भीती बाळगू नका. चित्र कुठल्याच भाषेचं नसतं. इंग्रजी पुस्तक असेल तर मजकूर बाजूला ठेवा आणि चित्रावरून तुमच्या बोलीत गोष्ट सांगा, जशी तुमच्या आजीने सांगितली असती. दुसऱ्या दिवशी मराठीत सांगा. मुलगीच सांगेल की काल बेडूक असं म्हणाला नव्हता. पान उलटायची घाई तेवढी करू नका. आपण मजकूर संपला की पान उलटतो, तिचं चित्र अजून संपलेलं नसतं. पान उलटायचं काम तिच्याकडे द्या आणि बोट मजकुराखालून फिरवत बसू नका, त्याने तिचे डोळे चित्रावरून उठतात.

विकत घेण्यावर फार खर्च करण्याआधी पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय आहे आणि तिथे मुलांचा विभाग आहे. तिला स्वतः पुस्तक निवडू द्या, चुकीचं निवडलं तरी. मराठीत बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून चालू आहे, त्यातली चित्रं दुसरी-तिसरीच्या मुलांना झेपतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं मी डोळे मिटून सुचवते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कोंकणी दोन्हींत चित्रगोष्टी फुकट आहेत आणि छापून घेता येतात. फोनच्या पडद्यावर दाखवू नका, छापूनच द्या, कारण कोपऱ्यातली गोगलगाय पडद्यावर सापडत नाही.

आणि तिला एक पुस्तक स्वतः करायला लावा. मोठा कोरा कागद घ्या, तीन वेळा अर्धा दुमडला की आठ सारखी घरं पडतात. उघडून लांबीच्या बाजूने अर्धा घडी करा आणि मधल्या चार घरांमधली दुमड कात्रीने कापा. दोन्ही टोकं आत ढकललीत की आठ पानांची पुस्तिका उभी राहते, ना शिलाई ना डिंक. विषय एकच द्या: अंगणातलं एक झाड. पहिल्या चार पानांत परी नको. एका पानावर फक्त पान, पुढच्यावर फूल, मग बी किंवा शेंग, मग त्या झाडावर येणारा किडा किंवा पक्षी. हे चारही बाहेर बसून, समोर बघून. पाचव्या पानापासून तिथे राहणारी परी येऊ दे, आणि तिचे कपडे, घर, अंथरूण, भांडी, सगळं त्या पहिल्या चार पानांतून आलेलं असू दे. रंग द्यायची घाई नको, आधी पेन्सिल. मदत मागितली तर चित्र काढून देऊ नका, झाडापाशी परत घेऊन जा आणि विचारा की देठ कुठून निघतोय. मुखपृष्ठावर तिचं नाव, झाडाचं घरात बोलतात ते नाव आणि महिना लिहून घ्या. महिना महत्त्वाचा आहे, कारण पाऊस संपल्यावर त्याच झाडाचं दुसरं पुस्तक करायचं आहे, आणि तेव्हा परीला नवे कपडे लागणार आहेत.